आइस हॉकीचा संघ ‘आपला’ कसा करावा: टोरंटो मेपल लीफ्सबरोबर पहिला हंगाम

ऑक्टोबर लागला की टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या ऑफिसांत सकाळच्या कॉफीला एकच विषय असतो: काल रात्री लीफ्सनी काय दिवे लावले. नव्याने आलेला मराठी माणूस या घोळक्यात हसऱ्या चेहऱ्याने उभा राहतो, दोनदा मान डोलावतो आणि संधी मिळताच गाडी क्रिकेटवर आणतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. नातू रिंकवर जायला लागलाय आणि व्हिडिओ कॉलवर तो काय सांगतोय ते धड कळत नाही, अशा पुण्या-नागपुरातल्या आजी-आजोबांनाही तो चालेल.

एप्रिलमध्ये सगळं शहर निळं झालं की निळा टी-शर्ट घालून गर्दीत सामील होणं सोपं आहे, पण त्यात फारसं काही हाती लागत नाही. संघ खऱ्या अर्थाने आपला होतो तो नोव्हेंबरातल्या एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी, कोलंबससारख्या संघाविरुद्धचा सामना शेवटपर्यंत बघितल्यावर. म्हणून सुरुवात हिवाळ्याच्या तोंडाशी करा.

पायरी १: संघ एकच निवडा, आणि काय पदरात पडणार आहे ते जाणून घ्या

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. सात कॅनडातले, बाकीचे अमेरिकेतले. टोरंटोच्या आसपास राहत असाल तर लीफ्स घ्या. संघ चांगला आहे की वाईट हा प्रश्न इथे गौण आहे. शेजारी, सहकारी, मुलांचे शिक्षक, बसचा चालक, सगळे तोच संघ बघतात, त्यामुळे शिकवायला माणसं आयती मिळतात. मॉन्ट्रियलला असाल तर कॅनेडियन्स, एडमंटनला असाल तर ऑइलर्स, हाच न्याय.

लीफ्स १९१७ साली लीगच्या स्थापनेपासून आहेत. तेव्हा नाव वेगळं होतं. १९२७ मध्ये कॉन स्माइथ यांच्या पुढाकाराने संघ विकत घेतला गेला आणि मेपल लीफ्स हे नाव मिळालं. आजवर १३ वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं आहे, आणि ही संख्या ऐकून भारावण्याआधी पुढची ओळ वाचा: शेवटचा कप १९६७ चा. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते.

त्यानंतरची कथा चाहते कपाळाला हात लावून सांगतात. १९९३ मध्ये अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर वेन ग्रेट्झकीची स्टिक डग गिल्मोरच्या तोंडावर लागली, पंच केरी फ्रेझर यांनी शिक्षा दिली नाही, आणि थोड्याच वेळात ग्रेट्झकीनेच विजयी गोल केला. टोरंटोत फ्रेझर यांचं नाव अजूनही कडवट तोंडाने घेतलं जातं. २०१३ मध्ये बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या पीरियडमध्ये ४-१ अशी आघाडी होती. सामना हरले ५-४. २००४ नंतर प्लेऑफची (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांची) एक मालिका जिंकायला २०२३ उजाडावं लागलं.

हे सगळं कळूनही लीफ्सच घ्यायचे असतील तर तुम्ही पात्र आहात. मात्र ‘दुसरा आवडता’ म्हणून बॉस्टन किंवा मॉन्ट्रियल ठेवू नका. ते याच विभागातले आहेत, आणि असं बोललात तर लोक हसतील तरी किंवा तुमच्याशी बोलायचे बंद होतील.

पायरी २: पहिल्या तीन सामन्यांपुरते नियम

नियमांचं पुस्तक घेऊन बसू नका. खालचं एवढं पुरतं.

बर्फाचं रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. प्रत्येक बाजूने सहा जण: एक गोलकीपर, दोन डिफेन्समन, तीन फॉरवर्ड. वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड, मध्ये १८ मिनिटांच्या दोन विश्रांती. शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं, म्हणून साठ मिनिटांच्या खेळाला अडीच तास लागतात. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, कडक रबराची चकती. ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात.

नवख्याची पहिली तक्रार ठरलेली असते: पक दिसतच नाही. खरं आहे, दिसत नाही. जुन्या लोकांनाही नेहमी दिसतो असं नाही. ते खेळाडूंच्या अंगाकडे बघतात. चार जणांच्या माना एका दिशेला वळल्या की पक तिकडेच असतो. टीव्हीवर डोळे ताणून काळा ठिपका शोधत बसलात तर दहा मिनिटांत डोकं दुखेल.

ऑफसाइड फुटबॉलपेक्षा सोपा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला जी निळी रेघ आहे, ती पकच्या आधी कोणी ओलांडायची नाही. आधी पक आत, मग माणूस. एवढंच.

आइसिंग जरा नीट समजून घ्या, कारण सामन्यातला ताण बहुतेक वेळा तिथूनच येतो. आपल्या अर्ध्या भागातून कोणी पक सरळ पलीकडच्या गोलरेषेच्या पार भिरकावला आणि वाटेत त्याला कोणी हात लावला नाही, तर पंच खेळ थांबवतात आणि पक परत भिरकावणाऱ्याच्या गोलजवळ आणतात. वर शिक्षा अशी की त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाच जण, धापा टाकत, आपल्याच गोलसमोर, आणि समोर ताज्या दमाचे पाच जण. घरच्या प्रेक्षकांचा आवाज अशा वेळी अचानक का चढतो हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खेळ निम्मा समजलेला असतो.

पाय अडकवला, स्टिक तोंडावर लागली, कोणाला धरून ठेवलं, तर तो खेळाडू दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्यांचा तो पॉवर प्ले. क्रिकेटमधला पॉवर प्ले डोक्यातून काढून टाका, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. दोन मिनिटांच्या शिक्षेत गोल झाला की बसलेला खेळाडू लगेच परत येतो. पाच मिनिटांची मोठी शिक्षा मात्र गोल झाले तरी पूर्ण भोगावी लागते. मारामारीला दोघांनाही पाच-पाच मिनिटं मिळतात. हातमोजे टाकून दोन मोठे बाप्ये एकमेकांना ठोसे मारतायत आणि पंच शांतपणे बाजूला उभे आहेत, हे दृश्य मला आजही पटत नाही. पण ते खेळात आहे, आणि मुलांना सोबत घेऊन बसलात तर प्रश्न येणार हे धरून चाला.

बरोबरी झाली तर साखळी सामन्यात पाच मिनिटांचा ओव्हरटाइम होतो, तीन विरुद्ध तीन. पहिला गोल झाला की संपलं. गोल नाही झाला तर शूटआउट. जिंकणाऱ्याला दोन गुण, साठ मिनिटांत हरणाऱ्याला शून्य, पण ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरणाऱ्याला एक. गुणतक्त्यात जिंकले-हरले यांच्यापुढे तिसरा रकाना असतो तो याच पराभवांचा.

पायरी ३: एका खेळाडूवर नजर ठेवा, आणि तो स्टार नसू द्या

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेक लोक हीच गाळतात.

हॉकीत खेळाडू सतत बदलत असतात. खेळ चालू असतानाच, कुंपणावरून उडी मारून. एक पाळी, म्हणजे शिफ्ट, साधारण पाऊण मिनिटाची. त्या वेळात माणूस जीव तोडून पळतो आणि बाकावर येऊन पडतो. तीन फॉरवर्डची एक लाइन, अशा चार लाइन, आणि डिफेन्सच्या तीन जोड्या. पहिल्या लाइनवर गोल करणारे असतात. तिसऱ्या-चौथ्या लाइनवर समोरच्या स्टारला रोखणारे, शॉट अंगावर घेणारे, कोपऱ्यात धक्काबुक्की करून पक काढणारे.

ऑस्टन मॅथ्यूजवर डोळे ठेवावेसे वाटणं साहजिक आहे. २०१६ मध्ये ओटावात पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले (आणि लीफ्स तो सामना ओव्हरटाइममध्ये हरले, हे लक्षात ठेवा, संघाच्या स्वभावाची ती चांगली ओळख आहे). २०२३-२४ च्या हंगामात त्याने ६९ गोल मारले. पुढे तो कर्णधार झाला. पण त्याच्याकडे कॅमेरा आपसूक जातोच. तुम्ही तिसऱ्या लाइनचा सेंटर, म्हणजे तीन फॉरवर्डमधला मधला, निवडा. एका सामन्यात फक्त त्याच्याकडे बघा: तो बाकावरून कधी उतरतो, पक दुसरीकडे असताना कुठे उभा राहतो, कोणाच्या पाठीशी लागतो, परत कधी फिरतो. पहिल्या पीरियडमध्ये काहीच घडत नाही असं वाटेल. दुसऱ्यात लक्षात येईल की समोरचा मोठा खेळाडू बर्फावर आला की दर वेळी हाही उतरतोय. ते प्रशिक्षकाने ठरवून केलेलं असतं. घरच्या मैदानावर खेळ थांबला असताना शेवटी बदल करण्याचा हक्क यजमानांना असतो, तो यासाठीच वापरतात.

फेसऑफही त्याच्यामुळेच बघायला शिकाल. दोन सेंटर वाकून समोरासमोर उभे, पंच पक टाकतो, अर्ध्या सेकंदात निकाल. इथे आपल्याला सांगण्यासारखं एक नाव आहे. मॅनी मल्होत्रा, वडील भारतीय, ओंटारिओतच वाढलेला, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यात) सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला. फेसऑफ जिंकण्यातला तो वाकबगार मानला जायचा. खेळणं थांबवल्यावर तो २०२० पासून चार हंगाम लीफ्सचा सहायक प्रशिक्षक होता, आणि २०२५ मध्ये त्याच्या हाताखाली ॲबट्सफर्डच्या संघाने एनएचएलखालच्या लीगचा कॅल्डर कप जिंकला. मुलं ‘आपल्यातलं कोणी खेळतं का’ असं विचारतात तेव्हा त्याचं नाव सांगा. रॉबिन बावा, जुझार खैरा, अर्शदीप बैंस ही नावंही आहेत.

पायरी ४: बघायचं कुठे आणि केव्हा

पैसे भरण्याआधी महिन्याचं वेळापत्रक उघडा. लीफ्सचे सामने एकाच ठिकाणी लागत नाहीत. काही स्पोर्ट्सनेटवर, काही टीएसएनवर, आणि २०२४-२५ मध्ये सोमवारचे काही राष्ट्रीय सामने प्राइम व्हिडिओकडे गेले. शिवाय प्रादेशिक हक्क म्हणून एक भानगड आहे: कॅलगरीत राहणाऱ्या लीफ्सच्या चाहत्याला टोरंटोचे प्रादेशिक सामने साध्या पॅकमध्ये दिसत नाहीत. वर्षभराचं एकदम घेऊ नका. एक महिना घ्या, कुठले सामने चुकतात ते बघा, मग ठरवा.

शनिवारची रात्र मात्र ठरलेली. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, आणि २००८ पासून तिची पंजाबी आवृत्तीही आहे. ओम्नी वाहिनीवर ती शोधा. मराठी माणसाला पंजाबी बऱ्यापैकी कळतं, आणि इंग्रजी कॉमेंट्रीच्या धबडग्यात जे निसटतं ते इथे पकडता येतं. स्लॅप शॉटला, म्हणजे स्टिक मागे उगारून हाणलेल्या फटक्याला, ते ‘चपेड शॉट’ (चपेड म्हणजे थप्पड) म्हणतात. एकदा ऐकलं की तो शॉट कधी विसरणार नाही. हरनारायण सिंग यांनी २०१६ च्या स्टॅन्ली कप फायनलमध्ये निक बोनिनोच्या गोलवर त्याच्या आडनावाचा जो गजर केला, तो पिट्सबर्गच्या लोकांनी डोक्यावर घेतला. ज्या घरात आई-वडील भारतातून आलेले असतात आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून असतात, तिथे ही कॉमेंट्री लावून द्या. दोन शनिवारांत तेच सांगतील आज कोण बरं खेळलं.

गाडी चालवत असाल तर रेडिओ. जो बोवेन यांनी १९८२ पासून चार दशकांहून जास्त काळ लीफ्सची कॉमेंट्री केली. जुन्या गोलच्या चित्रफितींवर ‘होली मॅकिनॉ’ अशी आरोळी ऐकू येते ती त्यांची.

भारतातून बघणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. टोरंटोचा संध्याकाळी सातचा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला लागतो, आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेपाचला. शनिवारचा सामना म्हणजे तिकडे रविवारची सकाळ. संघ व्हँकूवर किंवा कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर असला की इथे रात्रीचे दहा आणि तिकडे साडेसात-साडेआठ, चहा-पोह्यांची वेळ. अशा सामन्यांना इथले लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसात जांभया देत असतात आणि पुण्यातले ताजेतवाने असतात. एरवी एनएचएलच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर हायलाइट्स मिळतात, पण केवळ त्यांवर भागवू नका. हायलाइट्समध्ये फक्त गोल असतात, आणि तुमचा तिसऱ्या लाइनचा सेंटर त्यात बहुधा नसतोच.

पायरी ५: वर्षाचं चक्र

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. प्रत्येक संघाचे ८२ सामने, २०२६-२७ पासून ८४. निम्मे घरी, निम्मे बाहेर. ते सगळे बघायचा संकल्प सोडू नका असं मी म्हणणार नाही, सोडाच. आठवड्यातला एक पूर्ण सामना आणि बाकीच्यांचा निकाल, एवढं पहिल्या वर्षी पुष्कळ झालं.

गुणतक्ता नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत बघू नका, त्याला काही अर्थ नसतो. त्यानंतर अटलांटिक विभागातली जागा बघा: बॉस्टन, मॉन्ट्रियल, ओटावा, बफेलो, डेट्रॉइट आणि फ्लोरिडाचे दोन संघ याच विभागात आहेत. प्रत्येक विभागातले पहिले तीन प्लेऑफला जातात, शिवाय प्रत्येक कॉन्फरन्समधून (दोन विभागांची मिळून एक) दोन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वाधिक गुणांचे दोन संघ. एकूण १६ संघ.

हिवाळा सरता सरता ट्रेड डेडलाइन येते. त्या दिवशी दुपारपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करता येते, नंतर नाही. टीव्हीवर दिवसभर माणसं फोनकडे बघत बसलेली असतात आणि चाहते कामाच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली तेच करतात. हे सगळं ज्याच्याभोवती फिरतं ती सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या लॉकआउटमध्ये वाया गेला, त्यातून ती आली. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. टोरंटो श्रीमंत संघ आहे, पण कॅपमुळे नुसत्या पैशाच्या जोरावर संघ उभा करता येत नाही. चार स्टारना मोठे पगार दिले की तिसऱ्या-चौथ्या लाइनसाठी चिल्लर उरते. लीफ्सवरची निम्मी भांडणं या एका वाक्यात येतात.

जूनमध्ये ड्राफ्ट, १ जुलैला मुक्त, म्हणजे करार संपलेल्या, खेळाडूंचा बाजार. इथेच जर्सीबद्दल सांगून टाकतो. अस्सल जर्सी महाग असते, आणि पाठीवर नाव टाकून घेतली की परत करता येत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात मिच मार्नर लास व्हेगासला गेला आणि टोरंटोत घरोघरी १६ क्रमांकाच्या जर्स्या कपाटात गेल्या. घेण्याआधी त्या खेळाडूचा करार किती वर्षं उरलाय ते बघा. नाहीतर निवृत्त झालेला खेळाडू निवडा, तो कुठे जात नाही. मॅट्स सुंडिनचा १३, डग गिल्मोरचा ९३, वेंडेल क्लार्कचा १७. असली जर्सी घातलेल्या नवख्याकडे जुने चाहते जरा आदराने बघतात, आणि दोन गोष्टी सांगायलाही थांबतात.

पायरी ६: प्रत्यक्ष रिंकवर

लीफ्सचं घर म्हणजे युनियन स्टेशनला लागून असलेलं स्कोशियाबँक अरीना. तिकिटं लीगमधल्या सर्वांत महागांपैकी आहेत. वरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीलाही बऱ्याचदा शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात. चौघांचं कुटुंब घेऊन जायचं तर महिन्याचं किराणा बिल आठवतं. म्हणून क्रम असा ठेवा.

आधी मार्लीज. लीफ्सच्या हाताखालचा हा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतो, एक्झिबिशन प्लेसच्या कोका-कोला कोलिझियममध्ये. तिकीट खूप स्वस्त, बसायला जवळ, आणि पुढच्या वर्षी लीफ्समध्ये दिसणारी पोरं आत्ताच बघायला मिळतात. काचेजवळ बसून एकदा तरी बघाच. टीव्हीवर जो खेळ सुळसुळीत वाटतो तो जवळून भलताच दणदणीत असतो. स्केटच्या पात्याने बर्फ कापल्याचा खर्रर्र आवाज, पक कुंपणावर आदळल्याचा ठोका, आणि एखादा खेळाडू काचेवर दाबला गेला की अख्खी काच तुमच्या तोंडासमोर हलते.

मग लीफ्स, पण सोमवारी किंवा मंगळवारी, आणि नाव नसलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. मॉन्ट्रियलविरुद्ध शनिवारचा सामना पहिल्याच वर्षी घ्यायच्या फंदात पडू नका. ओटावाचं मैदान हा आणखी एक मार्ग आहे. ते शहराबाहेर कनाटात आहे आणि लीफ्स आले की निम्मं मैदान निळं असतं. बफेलोही गाडीने दोन तासांत येतं, तिकीटही बरंचसं स्वस्त, पण भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो. मित्रांनी ऐन वेळी ‘चल’ म्हटलं म्हणून निघायचं, तर एकटंच सीमेवरून परत यावं लागेल.

गो ट्रेनने (टोरंटो परिसराच्या लोकलने) जा. पार्किंगचे पैसे वाचतात, आणि लेकशोअरच्या गाडीत पोर्ट क्रेडिटपासून निळ्या जर्स्या चढायला लागतात तेव्हा सामना तिथेच सुरू होतो. परतीची वेळ मात्र आधी बघा. मिल्टन मार्गावर रात्री रेल्वे नसते, बस घ्यावी लागते. पिशव्यांच्या आकाराचे नियम कडक आहेत, ते अरीनाच्या संकेतस्थळावर वाचून जा.

तासभर आधी पोहोचा. सामन्याच्या अर्धा तास आधी दोन्ही संघ सरावाला उतरतात. लहान मुलं काचेला नाक लावून, हातात पाट्या धरून उभी असतात, आणि एखादा खेळाडू काचेवरून पक त्यांच्याकडे उडवतो. अमेरिकन संघ असेल तर दोन राष्ट्रगीतं होतात; टोपी काढून उभे राहा. खेळ चालू असताना जागेवरून उठू नका. वर गेटपाशी उभा असलेला माणूस शिट्टी वाजेपर्यंत तुम्हाला आत सोडणारच नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण तुमच्या पाठीमागच्याचा गोल हुकतो. आत तसं कडाक्याचं थंड नसतं, एक स्वेटर पुरतो.

शाकाहारींनी पुटीन हा इथला पदार्थ घेताना विचारून घ्या. बटाटा आणि चीज बघून हात पुढे जातो, पण वरच्या ग्रेव्हीत बहुतेक वेळा मांसाचा रस असतो. पिझ्झा आणि पॉपकॉर्न बिनधोक, भाव मात्र डोळे पांढरे करणारे.

एकाच खेळाडूने तीन गोल केले की लोक टोप्या काढून बर्फावर फेकतात. दृश्य मजेशीर असतं, टोपी मात्र परत मिळत नाही. आवडती टोपी घालून जाऊ नका.

पायरी ७: एक दुपार जुन्या टोरंटोत

या पायरीचा पहिला भाग फुकट आहे. कार्लटन आणि चर्च रस्त्यांच्या कोपऱ्यावर मेपल लीफ गार्डन्सची पिवळसर विटांची इमारत उभी आहे. १९३१ ते १९९९ लीफ्स इथे खेळले. आता तळमजल्यावर लॉबलॉज हे किराणा दुकान आहे. आत जा, २५ व्या रांगेत फरशीवर एक लाल ठिपका शोधा. रिंकचा मध्यबिंदू तिथे होता. लोक त्यावरून ट्रॉली ढकलत जातात. पहिल्यांदा आलेले वाकून फोटो काढतात आणि मग दही-ब्रेड घेऊन रांगेत लागतात. वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं रिंक आहे.

तिथून सबवेने यंग आणि फ्रंटच्या कोपऱ्यावर या. बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या जुन्या दगडी इमारतीत हॉकी हॉल ऑफ फेम आहे, याला तिकीट आहे. लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये दिलेला मूळ चषक इथल्या तिजोरीत ठेवलाय. विजेत्यांना मिळतो तो मोठा कप वेगळा. त्यावर संघातल्या प्रत्येकाचं नाव कोरतात आणि उन्हाळ्यात प्रत्येक खेळाडूला तो एक दिवस घरी नेता येतो.

पायरी ८: प्लेऑफ, आणि हरल्यावर काय करावं

एप्रिलमध्ये लीफ्स पात्र ठरले तर पुढचे दोन आठवडे संध्याकाळची कामं लांबणीवर टाका. चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सात सामन्यांची, चार जिंकले की पुढे. कपसाठी १६ विजय लागतात. शूटआउट बंद. ओव्हरटाइम पूर्ण वीस मिनिटांचा, पाच विरुद्ध पाच, आणि गोल होईपर्यंत पुन्हा पुन्हा. मध्यरात्र उलटते. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्या सामन्याला सहा ओव्हरटाइम लागले होते. खेळाडू दाढी करणं सोडतात, त्यांच्याबरोबर ऑफिसातलेही अर्धे पुरुष सोडतात.

तिकीट परवडलं नाही तरी अरीनाच्या पश्चिमेच्या चौकात या. मोठ्या पडद्यावर सामना लागतो आणि पावसातही गर्दी असते. कोणाची ओळख लागत नाही. गोल झाला की शेजारचा अनोळखी माणूस मिठी मारतो, ती स्वीकारायची.

ओटावा समोर आला तर खुशाल छाती फुगवा. दोघांमध्ये झालेल्या पाचही मालिका, शेवटची २०२५ ची धरून, टोरंटोने जिंकल्या आहेत. त्याच २०२५ मध्ये पुढच्या फेरीत फ्लोरिडाने सातव्या सामन्यात टोरंटोच्याच मैदानावर ६-१ ने धुतलं, तेवढं सांगायचं टाळा.

हरल्यावर काय करावं याचं प्रशिक्षण लीफ्सचे चाहते फार लवकर घेतात. त्यांच्याकडे २२ फेब्रुवारी २०२० ची रात्र आहे. कॅरोलिनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले आणि नियमाप्रमाणे राखीव माणूस उतरवावा लागला: डेव्हिड एअर्स, वय ४२, बर्फ साफ करणारं झॅम्बोनी चालवण्याचं काम केलेला, लीफ्सच्याच सरावात कधीमधी गोलमध्ये उभा राहणारा. पहिले दोन शॉट त्याच्या आत गेले. नंतरचे आठ त्याने अडवले. लीफ्स घरच्या मैदानावर ६-३ ने हरले. हा किस्सा कुठलाही चाहता तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगेल, संतापून नव्हे, हसत. चिडून टीव्ही बंद करणारा आणि हा किस्सा सांगणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

मालिका संपली की टीव्ही लगेच बंद करू नका. दोन्ही संघ रांगेत एकमेकांचे हात हातात घेतात, आदल्याच क्षणी ज्यांनी एकमेकांना कुंपणावर चिरडलं तेही. तुमचा तिसऱ्या लाइनचा सेंटर त्या रांगेत कोणाशी दोन शब्द जास्त बोलतो ते बघा. एक-दोन दिवसांनी खेळाडू सामान आवरायला येतात आणि पत्रकारांशी बोलतात. कोणाचं हाड कधीपासून मोडलेलं होतं हे त्या दिवशी बाहेर येतं, आणि तुम्ही महिनाभर ज्याला शिव्या घातल्या तो एका खांद्यावर खेळत होता असं कळतं.

मग १ जुलैपर्यंत थोडा आराम. उन्हाळ्यात नव्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झालं की ते फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातले शनिवार मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाशी ताडून बघा. दोन्ही एकाच संध्याकाळी आले तर कार्यक्रमाला जा, पण मागच्या रांगेत, भिंतीजवळची, प्लग असलेली खुर्ची धरा. तिथे आधीपासून दोन-तीन जण बसलेले असतील.